शेवाळे बाईंनी माझी बाजू घेतली नाही

"व्हॉल्व्ह बंद करू नका!"

शेवाळे बाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या एवढंच. मी रस्त्यावर उकिडवा बसलो होतो, हातात पाना होता आणि माझ्या टँकरच्या मागच्या व्हॉल्व्हमधून पाणी भसाभसा रस्त्यावर चाललं होतं. मारुंजीच्या पलीकडे आमची वस्ती आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेसमोरचा तो चढ. बारा वर्षांत मी पाण्याशिवाय दुसरं काही विकलेलं नाही. तांब्याभर पाणी सांडलं तरी माझा जीव खालीवर होतो. आणि ही बाई, पदर खोचलेला, साडीखाली कॅनव्हासचे बूट, फाटकातून पळत येते काय आणि मला थांबवते काय! मागे पंचवीस-तीस पोरं.

"अहो बाई, विकतचं पाणी आहे हे," मी ओरडलो.

"मग तर नीटच बघायला पाहिजे. दादा, पाच मिनिटं." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाठ केली. "खडू कुणाकडे आहे? पाणी कुठपर्यंत जाईल, कुठे वळेल, आधी खूण करा. पाणी पोचल्यावर केलेली खूण धरणार नाही!"

पोरं रस्ताभर पसरली. कुणी नाल्याच्या तोंडाशी फुली मारली, कुणी मोठ्या खड्ड्यापाशी. पाणी नाल्याकडे निघालं, खड्ड्याच्या अलीकडे थबकलं आणि डावीकडे वळून शाळेच्या भिंतीखालून थेट आत शिरलं. तिथे एकाचीही फुली नव्हती. बाईंनी टाळी वाजवली. "कुणाचंच बरोबर आलं नाही!" लॉटरी लागल्यासारखा आवाज. मी व्हॉल्व्ह आवळला आणि जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाईंनी ते ऐकलंच नाही की ऐकून सोडून दिलं, देव जाणे. म्हणाल्या, "दादा, उद्या याच वेळेला याल का? रस्ता वाळलेला असेल."

मी मूळचा दुष्काळी आष्टी तालुक्यातला. इकडे आलो तेव्हा दुसऱ्याच्या टँकरवर क्लीनर होतो, आज माझे तीन टँकर हिंजवडीच्या सोसायट्यांना पाणी घालतात. हे कुणी हातात आणून दिलेलं नाही. विहिरीच्या मालकाशी भांडून, सोसायटीच्या सेक्रेटरीशी घासाघीस करून, ड्रायव्हरला शिव्या घालून मिळवलेलं आहे. माझ्या मुलीनं, ऋतुजानं, शिकून खुर्चीवर बसावं एवढीच माझी इच्छा. ती पुढच्या जूनमध्ये चौथीत गेली आणि शेवाळे बाईंच्या वर्गात जाऊन बसली. तिथून आमच्या घरची शांतता गेली.

बाई उत्तर सांगत नसत. कुठल्याच प्रश्नाचं नाही. पोरानं विचारलं, बाई, लोखंड का बुडतं? तर बाई म्हणायच्या, "सगळं बुडतं का? आण बरं." मग पोरं घरातले खिळे, वाट्या, डब्यांची झाकणं पळवायची. आमच्या घरातून पोह्याच्या डब्याचं झाकण असंच गेलं. प्रत्येक पोराकडे एक वही होती. डाव्या पानावर वर लिहिलेलं असे 'पाहिलेलं' आणि उजव्या पानावर 'वाटलेलं'. या दोन पानांची सरमिसळ केली की बाई रागवायच्या. एरवी वर्गात कितीही गोंधळ झाला तरी त्यांचा आवाज चढत नसे. पण कुणी वाटलेलं पाहिलेल्याच्या पानावर लिहिलं की त्या वही उचलून म्हणायच्या, "हे तू डोळ्यांनी पाहिलंस? कुठल्या डोळ्यानं, दाखव मला."

ऋतुजानं हे घरी आणलं. मी जेवताना म्हणालो, बाळूअण्णा एक नंबरचा लबाड माणूस आहे. हे बाळूअण्णा म्हणजे आमचे विहिरीवाले, गावातले जुने जमीनदार आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. तर पोरगी घास थांबवून विचारते, "बाबा, हे पाहिलंय का वाटतंय?" तिची आई तोंडाला पदर लावून हसली. मी ताटावरून उठलो.

पालकसभेत मी सरळ विषय काढला. "बाई, तुम्ही उत्तरं का सांगत नाही? पोरांनी पेपरात काय लिहायचं?"

"लिहितात की. मागच्या चाचणीत ऋतुजानं छान लिहिलं."

"पण सांगायला तुमचं काय जातं?"

बाई जरा विचार करून म्हणाल्या, "उत्तर सांगितलं की पोरं गप्प बसतात हो. गप्प पोरांचा मला कंटाळा येतो." बाकीचे पालक हसले. त्यांतले निम्मे चाकणच्या कंपन्यांत रात्रपाळी करून तसेच सभेला आलेले, डोळे तांबारलेले. त्यांना हसायला काहीही चालतं. मला नाही.

एकदा बाई माझ्या गॅरेजवर आल्या. थेरगावहून स्कूटीवर येत-जात असत, पाठीला एक मोठी कापडी पिशवी. पिशवीत बूच, फुगे, सलाइनच्या नळ्या, सायकलची घंटी, काय वाटेल ते. त्यांना जुन्या होज पाइपचे तुकडे हवे होते. मी सवयीनं एक आकडा सांगितला. अर्ध्यावर यायच्या तयारीनंच सांगतो मी, सगळेच सांगतात. बाई "बरं" म्हणाल्या आणि पर्स उघडली. भाव न करणाऱ्या माणसाचं काय करायचं हे मला समजत नाही. माझा इतका विरस झाला की तुकडे फुकटच बांधून दिले, वर चार क्लिपा दिल्या. "तुम्ही भाव का करत नाही?" मी विचारलं. म्हणाल्या, "मला वाटलं तेवढी किंमत असेल. तुम्हाला ठाऊक असणार ना."

आता मुख्य गोष्ट. हिवाळ्यात बाईंनी पाण्याचा पाठ घेतला. प्रत्येक पोरानं घरचं पाणी बाटलीत भरून आणायचं. कुणी ग्रामपंचायतीच्या नळाचं आणलं, कुणी बोअरचं, कुणी जारचं. ऋतुजानं अभिमानानं माझ्या टँकरचं नेलं. अंगाचा साबण किसून त्याचं पाणी केलं आणि प्रत्येक बाटलीत मोजून दहा थेंब घातले. झाकण लावून वीस वेळा हलवायचं आणि फेस किती बोटं येतो ते मोजायचं. पोरांची बोटं सारखी नसतात यावरून आधी भांडण झालं, ते बाईंनी पोटभर होऊ दिलं. मग पोरांनीच कागदाची पट्टी केली आणि तिच्यावर रेघा आखल्या. पाण्यात क्षार जास्त असले की फेस कमी येतो, हे बाईंनी सांगितलं नाही. पोरं घरोघर विचारत फिरली: तुमच्या नळाच्या तोटीवर पांढरं साचतं का? डाळ शिजायला वेळ लागतो का? आठवड्यानं त्यांनीच ते जुळवलं.

हे सगळं ठीक होतं. पण पोरांनी त्याचा तक्ता केला आणि तो शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर रंगानं काढला. सगळ्यात वर जार, मग नळ. सगळ्यात खाली दोघे, सोसायटीचा बोअर आणि त्याच्या शेजारी 'ऋतुजाच्या बाबांचा टँकर'. फेस अर्धी रेघ.

मी ते पाणी गोड पाणी म्हणून विकत होतो. खोटं बोलून नव्हे. अण्णाच्या विहिरीचं पाणी चवीला गोडच आहे, मी रोज पितो. आमच्या आष्टीकडे पाणी असं गोड लागलं असतं तर मी गाव सोडलंच नसतं. जीभ मानायची की पट्टी? मी जिभेवर धंदा उभा केला होता.

प्रजासत्ताक दिनाला माझ्या सगळ्यात मोठ्या सोसायटीचे लोक वह्या वाटायला शाळेत आले. सेक्रेटरीनं भिंतीसमोर उभं राहून फोटो काढला. मागे तक्ता. संध्याकाळी त्याचा फोन. "सानप, आमच्या गीझरची कॉइल वर्षाला जाते, तुम्ही म्हणायचा पाइप जुने आहेत. आता तर तुमची मुलगीच सांगतेय."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो ते भांडायलाच. वर्ग चालू होता. मी दारातूनच म्हणालो, "बाई, तो तक्ता पुसा. तुमचा प्रयोग चुकीचा आहे. पोरीनं पाणी टाकीच्या तळाचं नेलं होतं."

मला वाटलं बाई चिडतील. त्यांचा चेहरा उजळला. "बघा, हे आपल्याला सुचलंच नव्हतं!" त्या पोरांना म्हणाल्या. "तळाचं आणि वरचं पाणी वेगळं असेल का? दादा, तुम्ही स्वतः आणा ना उद्या. तुम्हाला पाहिजे तसं, पाहिजे तिथलं. पोरं तुमच्यासमोर बघतील. फरक आला तर तक्ता पोरंच बदलतील."

सौदा बरोबरीचा होता. मी मान्य केला.

त्या दिवशी मी ड्रायव्हरवर विश्वास ठेवला नाही. नवी कोरी बाटली मिळाली नाही, घरातली सरबताची रिकामी बाटली घेतली. भांड्याचा पातळ साबण घालून ब्रशनं आतून घासली आणि विसळली. एकदा. हे 'एकदा' नीट लक्षात ठेवा. आमच्याकडे भांडं एकदाच विसळतात. लहानपणी मी तांब्यात पाणी दोनदा फिरवलं म्हणून आईच्या हातचा मार खाल्लेला माणूस आहे. टँकरभर पाणी विकतो, पण नळाखाली बाटली तीनदा धरायला माझा हात आजही होत नाही. मग टँकरच्या वरच्या झाकणातून पाणी काढलं, निवळशंख, आणि सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून वर्गात जाऊन बसलो. खाली, सतरंजीवर, पोरांच्या मध्ये.

बाईंची एक पद्धत होती. साबण घालायच्या आधी बाटली नुसतीच हलवून बघायची. पोरांना ती इतकी अंगवळणी पडली होती की कुणी सांगावं लागलं नाही. एका मुलीनं माझी बाटली घेतली आणि वीस वेळा हलवली. बाटली गळ्यापर्यंत पांढऱ्या फेसानं भरली.

मग मागून एक पोरगा ओरडला, "काकांनी आधीच साबण टाकलाय!" आणि जो हशा उठला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला. तिथली पोरं खिडकीला लोंबकळली. ऋतुजा हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"मी काही टाकलं नाही," मी म्हणालो. "बाई, सांगा यांना. मी असला माणूस वाटलो का तुम्हाला?"

बाईंनी हात वर करून पोरांना गप्प केलं. आणि म्हणाल्या, "काकांनी साबण टाकला, हे कुणी पाहिलं?"

कुणी नाही.

"मग ते पाहिलेल्या पानावर येणार नाही. पाहिलेलं काय? साबण न घालता फेस आला. एवढंच लिहा."

"आणि मी टाकला नाही, हे?" मी विचारलं.

बाई माझ्याकडे वळल्या. "दादा, तेही आम्ही पाहिलेलं नाही."

मला सांगा, काय गेलं असतं त्यांचं? 'काका असं करणार नाहीत' एवढे चार शब्द. रोज पोरांना घेऊन माझ्या टँकरमागे फिरणारी बाई, माझ्याकडून फुकट पाइप नेणारी बाई, माझ्या मुलीसमोर माझ्यासाठी चार शब्द बोलली नाही. मी लोकांना पुष्कळ वेळा गंडवलं असेल. त्या दिवशी मी खरा होतो, आणि त्याच दिवशी मला कुणी खरं म्हणेना. मी बाटली तिथेच टाकून निघालो.

संध्याकाळी अर्ज तयार केला. शेवाळे बाई पुस्तक उघडत नाहीत. मुलांना वर्गाबाहेर रस्त्यावर नेतात. पालकांची बदनामी करतात. मुलांचे शैक्षणिक नुकसान होत आहे. लोकांकडून होकार मिळवणं हा माझा रोजचा धंदा आहे, अंधार पडायच्या आत मी एकोणीस पालकांच्या सह्या आणल्या. निम्म्यांनी अर्ज वाचलासुद्धा नाही. शेवटची सही बाळूअण्णांची.

"आरं सानप, बाई वंगाळ न्हाई रं," अण्णा पेन हातात धरून म्हणाले. "माझा नातू आधी शाळंत जायाला रडायचा, आता आयतवारी बी जातो म्हंतो."

"अण्णा, तुमच्या विहिरीचं नाव खराब झालंय. सोसायटी सुटली तर पाणी कुणाला विकणार?"

"व्हय, ते बी हायेच." अण्णांनी सही केली.

अर्ज तालुक्याच्या शिक्षण विभागाच्या कचेरीत पोचला आणि त्याची प्रत बाईंकडे आली. दोन दिवसांनी बाई गॅरेजवर हजर. मी मनातल्या मनात तयारी केली होती, त्या रडतील, भांडतील, मग मी थोडं ताणून मागे येईन. त्यांनी पिशवीतून अर्ज काढला. पेन्सिलीनं त्यावर खुणा केल्या होत्या. "पुस्तक उघडत नाही, हे पाहिलेलं आहे, बरोबर आहे. रस्त्यावर नेते, बरोबर. 'नुकसान होत आहे' हे मात्र वाटलेलं आहे दादा. ते वेगळं लिहायला हवं होतं." टोमणा असता तर मी ओळखला असता. टोमणा नव्हता. त्या खरोखरच माझी वही तपासत होत्या! मी म्हणालो, "बाई, तुम्ही निघा."

इकडे ऋतुजा माझ्याशी बोलत नव्हती. एका संध्याकाळी मोरीत पाणी पडण्याचा आवाज थांबेना, म्हणून मी ओरडत गेलो. पोरगी फरशीवर बसली होती. पुढे शाळेतून परत आणलेली तीच सरबताची बाटली, शेजारी वही आणि ती कागदाची पट्टी. बाटलीला साबण लावायचा, एकदा विसळायची, माझ्या टँकरचं पाणी भरायचं, हलवायची, मोजायची. मग पुन्हा साबण, दोनदा विसळायची. मग तीनदा. चौथ्या विसळणीनंतर फेस आला नाही. असं तिनं एकदा नाही, सात वेळा केलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही एकदाच विसळली होती ना? मी पाहिलं होतं."

मी मोरीच्या उंबऱ्यावर बसलो. पाणी वाया घालवलं म्हणून ओरडायला आलो होतो. दहा वर्षांची पोर, बापावरचा आळ धुवायला दोन संध्याकाळ मोरीत बसली होती. आणि हे तिला मी शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं ते वर्गात करून दाखवलं. बाईंनी तिच्याकडून पुन्हा दोनदा करून घेतलं आणि मगच सगळ्या पोरांना पाहिलेल्या पानावर लिहायला लावलं: साबण लावलेली बाटली एकदाच विसळली, तर पाण्यात साबण न टाकताही फेस येतो. स्वच्छ बाटलीत माझ्या पाण्याला अर्ध्या रेघेचाच फेस आला, वरच्या पाण्याला आणि तळाच्याही. ते राहू द्या.

मी थेट कचेरी गाठली. "साहेब, अर्ज मागे घेतो."

साहेबांनी चहा सांगितला. "सानप, अर्ज मागे घेता येतो. अर्ज आला होता, हे मागे घेता येत नाही. खाली अध्यक्षांची सही आहे. मला काहीतरी करून दाखवायला लागणार."

"काय करायचं म्हणता?"

साहेबांच्या तीन अटी. भिंत पुसायची, पुढे पुस्तकाप्रमाणेच शिकवायचं आणि चूक झाली असं बाईंनी लिहून द्यायचं. नाहीतर बाईंना कामगिरीवर लांबच्या शाळेत पाठवणार. मी खुर्ची पुढे ओढली. दीड तास बसलो. भिंतीवरचा तक्ता उन्हापावसानं आपोआप जाईल, हे पटवलं. पुस्तकाचं बाईंना तोंडी सांगू, हे पटवलं. शेवटी गोष्ट एका ओळीवर आणली. फक्त एक ओळ, 'प्रयोगात चूक झाली', खाली सही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा होता तो. आणि पहिल्यांदाच मी दुसऱ्या कुणासाठी केला होता.

शाळा सुटताना बाईंना गाठलं. "एक ओळ लिहा बाई. तुमची बदली टळते, पोरांची शाळा राहते, सगळ्यांचं भागतं."

"चूक कोणती लिहू?"

"कोणती का असेना!"

"असं कसं दादा? चूक झाली म्हटलं की कोणती ते लिहायला नको?" बाई स्कूटीच्या सीटवर पिशवी ठेवून विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "एक झाली आहे खरी. लिहिते."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांनी पाकीट दिलं, ते मीच कचेरीत नेलं. साहेबांनी उघडलं, वाचलं, आणि कागद माझ्याकडे भिरकावला. "ही बाई चेष्टा करते का माझी?"

कागदावर बाईंचं गोल अक्षर होतं. प्रयोगासाठी बाटली पालकांकडून घेतली. ती मी स्वतः विसळून द्यायला हवी होती. दिली नाही, ही माझी चूक. त्यामुळे श्री. सानप यांना मुलांसमोर विनाकारण खोटे ठरावे लागले. त्यांनी पाण्यात साबण घातलेला नव्हता. हे त्यांच्या मुलीने सात वेळा करून सिद्ध केले असून मी स्वतः दोनदा पाहिले आहे. तक्त्यातील सर्व नोंदी बरोबर आहेत.

चार शब्द मागितले होते मी. त्यांनी सरकारी कागदावर, सहीनिशी दिले, आणि नेमके तिथे दिले जिथे त्यांची जागा गेली. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नाही. कुणाचा, ते सांगता येत नाही. साहेबांचा आला, अण्णांचा आला, माझा तर आलाच. पण खरं सांगतो, सगळ्यात जास्त बाईंचाच आला. एक ओळ खोटी लिहायला माणसाला इतकं जड जावं?

आठवड्यात हुकूम आला. बाई मुळशीच्या पार आतल्या भागात गेल्या, घाटाच्या तोंडाशी असलेल्या शाळेत. निरोप समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशीही त्यांनी पोरांकडून काहीतरी मोजून घेतलं म्हणे. बदलीवर आलेले गुरुजी भले आहेत, वेळेवर येतात, फळ्यावर उत्तरं लिहून देतात. ऋतुजाला आता पैकीच्या पैकी मार्क पडतात. वही एकाच बाजूनं भरते. अण्णांचा नातू पुन्हा शाळेत जाताना रडतो. अण्णा मला भेटले की तोंड फिरवतात. सोसायटी सुटली नाही, सेक्रेटरीनं पाणी मऊ करायचं मशीन बसवून घेतलं आणि विषय संपला. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं केलं, ती तशीही गेली नसतीच.

मार्चमध्ये मी बाईंना भेटायला गेलो. मोटारसायकलवर दोन तास, शेवटचा रस्ता नुसती खडी. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे कुठून सुरू करायची तेही माहीत नव्हतं. शाळा म्हणजे दोन खोल्या. आत कुणी नाही. मागच्या ओढ्याकडून आवाज येत होते, म्हणून खाली उतरलो. बारा-तेरा पोरं, काही ओढ्यात, काही दरडीवर, आणि मधे पदर खोचून, तेच बूट हातात घेऊन, गुडघाभर पाण्यात शेवाळे बाई. ओढा किती रुंद आहे ते पोरं मोजत होती, आणि अलीकडच्या काठाला दोरी धरायला कुणी पुरत नव्हतं.

"बाई," मी म्हणालो, "मला जरा बोलायचं होतं."

त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. ओळखलं. चेहऱ्यावर ना राग ना काही. "अरे वा, सानप दादा! बरे वेळेवर आलात. बोलू की. आधी हे धरा."

आणि दोरीचं एक टोक माझ्याकडे फेकलं.

"घट्ट धरा हां, सैल पडली तर आकडा चुकतो," पलीकडून एक पोरगी मला दमात म्हणाली. मी चपला काढल्या, विजार वर केली आणि काठाशी पाण्यात उभा राहिलो. पोरांनी एकदा मोजलं. मग एकानं हरकत घेतली, म्हणून पुन्हा मोजलं. मग बाईंच्या मनात आलं की वरच्या अंगाला ओढा अरुंद आहे, तिथेही बघू. मी दोरी धरून त्यांच्या मागोमाग वर गेलो. ऊन चढत होतं. तोंडाशी आलेलं वाक्य दर वेळी कुणीतरी आकडा ओरडला की मागे जात होतं. दुपारी शाळा सुटली तेव्हा पोरं बाईंना गराडा घालून टेकडीकडे चालू लागली, आणि बाईंनी वळून हात केला, "या हं परत, दादा. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजायचं आहे."

मी पाण्यातच उभा होतो. टोक अजून माझ्याच हातात होतं.